हॅमच्या पाकिटावर जळलेला तवा

मी भुईगावच्या मेरीबाईंच्या स्वयंपाकघरातला बिडाचा तवा बोलतोय. सोपाऱ्याच्या बाजारात त्यांनी मला बोटाने वाजवून पाहिलं आणि घरी आणलं, त्याला तीस वर्षं झाली. मासळी, अंडी आणि रविवारी चर्चमधली मिसा आटोपली की सॉसेज, सगळं माझ्यावरच व्हायचं. मी स्वभावाने जळका आहे, हे आधीच सांगतो. तव्याने जळावं, यात नवल ते काय?

सून जीना बाळंत झाली, तेव्हा पहिले दोन महिने पेजेच्या पातेल्याचा मान होता. तेही मला सहन होत नव्हतं. मग मेरीबाई पुन्हा वाडीत मोगऱ्याच्या कामाला जाऊ लागल्या. मुलगा ॲन्सेल्म पहाटेच अंधेरीला निघायचा. घरात जीना आणि तिची लेक, दोघीच.

एका सोमवारी ॲन्सेल्मने हॅमचं, म्हणजे डुकराच्या मांसाच्या तयार चकत्यांचं, पाकीट आणलं. "गॅस पेटवायला नको, एका हाताने खाता येतं," तो म्हणाला.

खरंच, जीना एका हाताने खायची. खांद्यावर बाळ, फ्रिजचं दार उघडं, पावात गार चकती, आणि ती उभीच. मी खिळ्यावर लटकून बघायचो. माझ्या कडेला गंज धरू लागला होता. ज्याला विस्तव ठाऊक नाही, त्या पाकिटाने माझी जागा घ्यावी?

शुक्रवारी दुपारभर वीज नव्हती. शनिवारी जीनाने उरलेल्या चकत्या काढल्या. त्या बुळबुळीत झाल्या होत्या. तिने वास घेतला, थोडी थांबली, पण बाळ रडायला लागलं आणि तिने तशाच खाल्ल्या. मला मनातून बरं वाटलं. आता कळेल, म्हटलं.

संध्याकाळपर्यंत तिला चार उलट्या झाल्या. ती भिंत धरून बसली. तिचा चेहरा बघून माझं बरं वाटणं कुठल्या कुठे गेलं.

"आता हिला पाजू की नको?" तिने विचारलं.

"आज वरचं दूध दे," मेरीबाई म्हणाल्या. "आणि तू पानी पी." तरी त्यांनी शेजारच्या विनिताला हाक मारली. ती दवाखान्यात नर्स आहे.

"पाजणं थांबवू नका," विनिता म्हणाली. "पोट बिघडवणारे जंतू सहसा दुधातून जात नाहीत. हात साबणाने धुवा, ओआरएस घोट घोट घ्या. ताप आला किंवा पाणी पोटात ठरेना, तर लगेच डॉक्टर गाठा."

"म्हणजे हॅम, सॉसेज बंदच?" जीनाने विचारलं.

"बंद कशाला? पण रोज नको, मीठ आणि चरबी फार असते. फोडलेलं पाकीट दोन दिवसांत संपवायचं, आणि आतपर्यंत वाफ येईस्तोवर गरम करायचं."

"मी सांगितलं होतं, पाकिटातलं खाऊ नको," मेरीबाई पुटपुटल्या.

जीना शांतपणे म्हणाली, "आई, गरम करून, बसून खायला मला वेळ कोण देतं?"

मेरीबाई पदराने हात पुसत राहिल्या.

जीना दोन दिवसांत सावरली. बाळाला काही झालं नाही. पुढच्या रविवारी मेरीबाईंनी मला घासलं, तेल लावलं आणि सॉसेज चिरून माझ्यावर टाकली. तुकडे मधून फोडून, वाफ पाहून मगच उतरवली. जीनाचे हात बाळाकडे वळले, तशा त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, मी घेते. तू बस."

त्या दिवशी कितीतरी आठवड्यांनी जीना दोन्ही हातांनी, बसून जेवली. मला वाटलं होतं, ती माझ्याकडे बघेल. ती सासूकडे बघत होती. पुन्हा थोडा जळलो.

आता जीनाचं खाणं झाल्यावर, नऊनंतरच मेरीबाई वाडीच्या कामाला जातात. पाकीट अजून कधीमधी येतं, पण आधी माझ्यावर येतं. त्याच्याशी माझं अजून पटत नाही. तरी खरं सांगतो, दोष त्या पाकिटाचा नव्हता. तुमच्या घरात अंगावर पाजणारी आई असेल, तर तिला काय खाऊ नये ते नंतर सांगा. आधी दहा मिनिटं तिचं बाळ घ्या.