गुणाजीचा कान

गुणाजीने कॉम्प्युटरच्या उघड्या पोटात कान घातला आणि डोळे मिटले. पंख्याची पाती त्याच्या कानाच्या पाळीपासून बोटभर अंतरावर फिरत होती. वैशालीने स्क्रूड्रायव्हर धरलेला हात थांबवला. मोझेस अष्टमकर खुर्चीच्या कडेपर्यंत सरकून आला.

"काय?" मोझेसने विचारलं.

गुणाजीने डोळे आणखी घट्ट मिटले.

"काय ऐकू येतंय काय रे?" मोझेस ओरडला.

"मच्छर हाय एक," गुणाजी डोळे न उघडता म्हणाला.

"काढ गो वैशाली. नापास."

वैशालीने बटण बंद केलं आणि दुसरा पंखाही सोडवला. पहिला, मशीनबरोबर आलेला, भातगिरणीसारखा घरघरायचा. त्याला नापास करायला गुणाजीला जागचं उठावंही लागलं नव्हतं.

गुणाजी शेजारचा. धाटावच्या कंपनीत कॉम्प्रेसरशेजारी त्याची सगळी नोकरी गेली होती, आणि त्याला कुठलीही गोष्ट दोनदा सांगावी लागे, दुसऱ्यांदा ओरडून. असा माणूस परीक्षक कसा, असं वैशालीने पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मोझेसचं उत्तर तयार होतं. चांगल्या कानाच्या माणसाला काय, काहीही ऐकू येतं. गुणाजीला ऐकू येतो तोच खरा आवाज. वैशाली पेणहून येऊन रोह्यात कॉम्प्युटरचा क्लास चालवत होती. तिला यात कुठेतरी खोट आहे असं वाटायचं, पण ती सापडत नव्हती.

प्रश्न नोआच्या लग्नाचा होता. नात तिकडे परदेशात, अशदोदला, लग्न पुढच्या महिन्यात, आणि अष्टमकरांची कुठलीही मुलगी गावांचं गाणं ऐकल्याशिवाय मांडवात गेलेली नव्हती. मोझेसच्या बापाने रचलेलं ते गाणं मुंबईहून निघून गावागावाला थांबत रोह्याला यायचं आणि प्रत्येक गाव नवरीला काहीतरी द्यायचं. पेण पोहे द्यायचं, नागोठणे नदीचं पाणी. वडखळ नुसता सल्ला द्यायचं, की वाट इथे फुटते, बघून वळ. गाणं कुठे लिहिलेलं नव्हतं. ते मोझेसला पाठ होतं, आणि नसतं तरच नवल. तो रोह्याच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होता, गावांची नावं भोंग्यातून पुकारण्यातच त्याची हयात गेली होती.

टेपरेकॉर्डरने दोन कॅसेटी खाल्ल्यावर मुलगा रूबेन मागच्या खेपेला हा कॉम्प्युटर घेऊन देऊन गेला. मायक्रोफोनची तार जेमतेम हातभर. त्यामुळे मशीनला खेटून गावं लागे, आणि ऐकताना मोझेस गिरणीत दळण टाकून गातोय असं वाटे. पंखा काढूनच टाका, असं गुणाजीने सुचवलं होतं. तसं केल्यावर गाणं कसंबसं वडखळपर्यंत पोचलं आणि मशीन तापून बंद पडलं.

"तिथं ट्रॅफिक असतंच," गुणाजी म्हणाला होता.

सोमवारी पुतण्या आरोन तिकडच्या विमानात बसणार होता. गाण्याची सीडी जायची तर त्याच्याच बॅगेतून.

वैशालीने तिसरा खोका उघडला. हा तिने खास मुंबईहून आणला होता. पंखा जोडलेला, ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांचा एवढा मोठा ठोकळा, की तो बसवल्यावर मशीनचं झाकण लागणार नव्हतं. तिने ट्यूबमधली पांढरी पेस्ट काढून चिपवर पसरली.

"दात घासतेस काय त्याचे?" गुणाजीने विचारलं.

"उष्णता नीट वर चढावी म्हणून, काका."

"हं?"

"उष्णता!"

"हां, हाय खरी. ऑक्टोबर हाय."

पंखा फिरू लागला. सावकाश, जेवण झालेल्या माणसासारखा. गुणाजीने कान घातला, मग दुसरा कान घातला. मग त्याने पाती फिरताहेत ना, हे डोळ्यांनी पाहून घेतलं.

"काय पण नाय."

"पास," मोझेस म्हणाला आणि उठून खिडकी लावली.

त्याने घसा साफ केला. त्याची बायको रेबेका रोजच्यासारखी त्याच्या मागे, स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसून सुपात तांदूळ निवडत होती. मशीनवर तिचा विश्वास नव्हता, म्हणून ती त्याच्या फार जवळ येत नसे. तांदूळ निवडताना तिचे ओठ हलत. ती खडे मोजत असावी, असा वैशालीचा समज होता.

मोझेस गायला. आवाज अजून स्टँडभर पोचेल असा होता. मध्ये एकदा तो थांबला, खोकला, आणि पुढे गेला. गाणं संपल्यावर वैशालीने ठोकळ्याला बोट लावून पाहिलं. कोमट होता.

"ऐकव," मोझेस म्हणाला.

गिरणी नव्हती. मच्छर नव्हता. बाहेरच्या पिंपळावरचा एक कावळा होता. मोझेस मान डोलावत राहिला आणि गुडघ्यावर बोटाने ताल धरला.

मग स्पीकरमधून एका बाईचा हलका आवाज आला: "पेण."

त्यामागून मोझेसचा आवाज पेणचे पोहे घेऊन आला.

"वडखळ," बाई म्हणाली. मोझेसने वडखळला वाट फोडली.

ते कडवं संपलं आणि स्पीकरमधूनच सुपातले तांदूळ सांडल्याचा आवाज आला. गाणं थांबलं. मोझेस खोकला. बराच वेळ नुसता कावळा ओरडत होता. "नागोठणे," बाई घाईने म्हणाली, आणि नदी वाहू लागली.

गुडघ्यावरचं बोट थांबलं होतं. पुढच्या प्रत्येक गावाला ती आधी पोचत होती, तो मागून. वैशाली मशीनमध्ये बघत राहिली. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

गाणं संपलं.

"जुनाच बसव गो, वैशाली," रेबेका दारातून म्हणाली. ती सुपातून मान वर करत नव्हती. "याचा फार आवाज येतो."

वैशालीने स्क्रूड्रायव्हर उचलला. मोझेसकडे पाहिलं. मोझेस आपल्या हातांकडे पाहत होता.

"गुणाजी," तो म्हणाला, इतक्या हळू की वैशालीलाही जेमतेम कळलं, "तुला काय ऐकू आलं?"

"काय पण नाय," गुणाजी लगेच म्हणाला.

गुणाजीने खिडकीकडे तोंड फिरवलं आणि बंद खिडकीतून कावळा शोधू लागला.

"मग हाच ठेव," मोझेस म्हणाला. तो उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला. "रेबेका, उठ. स्टूल पायजे."

"तांदूळ निवडायचेत."

"ते कुठं जात नायत."

त्याने स्टूल आणून आपल्या खुर्चीशेजारी ठेवलं, आणि मायक्रोफोन आपल्या समोरून सरकवून दोहोंच्या मध्ये. पण तार हातभरच होती. त्यामुळे दोघांना फारच जवळ बसावं लागलं.