नाशिकच्या बंगल्यासाठी भरलेली टेप

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, मित्रांनो. चंद्रशेखरने मला बहारीनमध्ये, मनामाच्या बाजारातून जिदहफ्सच्या फ्लॅटवर आणलं, ते गाण्यांसाठी नाही. त्या काळी तिथली आपली माणसं पत्राऐवजी टेप भरत आणि सुट्टीवर जाणाऱ्याच्या हाती घरी पाठवत. "आवाज काय स्वच्छ येतो!" असं कुणी म्हटलं की मला फार बरं वाटे.

१९८५ च्या जानेवारीत चंद्रशेखरची बायको स्मिता माझ्यासमोर बसली, ती घाबरूनच. मांडीवर लहानगी मालू. ताप नसतानाही स्मिताचा हात सारखा तिच्या कपाळावर जाई. नाशिकला स्मिताचे वडील एकटे. त्यांच्यामागे वारसांना बंगल्यावर इस्टेट ड्युटी भरावी लागणार, आणि एवढा पैसा आणायचा कुठून? तिने माझी दोन बटणं एकदम दाबली.

"बाबा, बंगला आत्ताच विकून टाका. नफ्यावर कर लागेल, लागू दे. हातात रोकड तरी राहील; नाहीतर तुमच्यानंतरचा कर आम्हाला झेपायचा नाही."

चंद्रशेखरच्या कंपनीतल्या, सुट्टीवर निघालेल्या गुरुप्रसादबरोबर टेप नाशिकला गेली.

मार्चमध्ये शेजारचे अकाउंटंट हेमचंद्र दारातूनच ओरडले, "वहिनी, इस्टेट ड्युटी खलास! दिल्लीच्या बजेटमध्ये काढून टाकली!"

"अगं बाई! आणि बाबांनी घर विकलं असेल तर?"

"नसेल हो, इंशाल्ला."

"तुमचं इंशाल्ला राहू द्या, आधी तार करून या!"

तार गेली. उत्तर येईना. स्मिताचा भात करपू लागला. जिन्यात पाऊल वाजलं की ती धावत दार उघडी. शेवटी गुरुप्रसाद परतला आणि त्याने एक टेप तिच्या हातात दिली. तिने उभ्याउभ्याच ती माझ्यात घातली.

"स्मिते, गिऱ्हाईक इसार घेऊन ओसरीवर बसलं होतं, तेवढ्यात तुझी तार आली. परत पाठवलं त्याला. घर आहे. तूर्तास मीही आहे." बाबा हसले, मग खोकले. "पण पोरी, टेपभर तू मी गेल्यावरचंच बोललीस. माझा दमा कसा आहे, तेवढं राहिलंच."

स्मिताने कोरी टेप घातली, बटणं दाबली. मालूला मांडीवर घेऊन ती माझ्याजवळ सरकली. मग ती म्हणाली, "बाबा, रात्री झोप लागते का?"

आता माझा पट्टा सैल झालाय, आवाज जाड येतो. मित्रांनो, मला कापसाने पुसलंत तर उपकार होतील. पण जुन्या टेपांवर गाणी भरू नका. त्यातली माणसं दुसऱ्यांदा बोलायला येत नाहीत.