पांढऱ्या जावळाची घोंगडी

मी घोंगडी बोलतेय. तुम्हाला मी जाकीट दिसेन; खिसे आहेत, चेन आहे, आतून चकचकीत अस्तर आहे.

माझा जन्म सुप्याजवळच्या एका वस्तीवरचा. कोकरांची पहिली लोकर, जिला जावळ म्हणतात, सगळ्यात मऊ. त्यातही पांढरं जावळ थोडंच निघतं. प्रयागबाईने दोन हंगाम ते निवडून साठवलं, पिंजलं, चातीवर कातलं. संभाजी विणकराने सुताला चिंचोक्याची खळ लावून मला मागावर विणलं. प्रयागबाईची बोटं त्यानंतर आखडली. चाती तिने पुन्हा उचलली नाही.

मी तिच्या नवऱ्याची, झुंबरआबांची. मेंढरं घेऊन ते रानोमाळ फिरत. पाऊस आला की माझी खोळ डोक्यावर, रात्री शेतात मीच अंथरूण आणि मीच छप्पर.

यंदा दिवाळी झाल्यावर मुलगा सूरज मला धुवायला म्हणून बारामतीला घेऊन गेला. तो तिथे गाड्यांच्या शोरूममध्ये कामाला आहे. मित्राच्या लग्नात त्याला वेगळं काही घालायचं होतं. शिंप्याने आधी मला कॉफी रंगात बुडवलं, मग कात्री लावली. कापल्या जागी सूत सुटायला लागलं, तेव्हा घाईघाईने कडांना ओव्हरलॉकची शिलाई मारली.

लग्नाहून तो मला घालूनच वस्तीवर आला. आबांनी घोंगडीची चौकशी केली. सकाळी मेंढरं घेऊन घाटाकडे निघायचं होतं.

"अजून वाळली न्हाय, आबा," सूरज म्हणाला. मी त्याच्याच अंगावर होते.

आबांनी जाकिटाचं कौतुक केलं. "पर हे घालून मेंढरांत जाऊ नगं," ते हसले, "पावणा समजून बुजतील."

प्रयागबाईने सूरजच्या खांद्यावरचा कचरा झटकला आणि तिचा हात तिथेच थांबला. अंगठ्याने तिने सूत चाचपलं. एकदा मुलाकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलेल.

"जाड हाय ती," ती नवऱ्याला म्हणाली. "वाळायला येळ लागणारच."

तिने सांगितलं म्हटल्यावर आबांनी पुढे विचारलं नाही. सकाळी भुरभुर पाऊस होता. खताच्या रिकाम्या पोत्याची खोळ करून ते मेंढरांमागे गेले. ती दारात उभी राहून बघत होती.

आता मी बारामतीत सूरजच्या खोलीत खिळ्याला टांगलेली असते. कुठून घेतलं, असं मित्र विचारतात. ऑनलाइन, असं तो सांगतो. त्याचं मला एवढं लागत नाही. त्याने मला कधी ओळखलंच नव्हतं.

पण प्रयागबाई, तू ओळखलंस. मृगाच्या आधी आबा परततील आणि घोंगडी तुझ्याकडेच मागतील. तेव्हा मला सूरजकडून मागवून त्यांच्या हातात दे, आहे तशी, या बाह्यांसकट.