कुंकू लावलेले डॉलर

अनामिकेच्या नखाच्या कडेला कुंकवाची बारीक रेघ – रोजच्या पूजेतली, इतक्या वर्षांत कधी डोळ्यांत न भरलेली – आणि आज मात्र साबण झाला, काथ्या झाला, तरी ती जाईना, तेव्हा आशाबाई अर्धवट मळलेली कणीक तशीच ठेवून तिच्याकडे बघत बसल्या. कुंकू चिवट असतं हे काय त्यांना माहीत नव्हतं? चिवट असतं म्हणूनच तर लावायचं.

सकाळी ऋतुराजचा फोन आला होता. लग्नाला दोन महिनेही झाले नव्हते. संस्कृतीला घेऊन तो बालीला गेलेला, आणि तिथून पुन्हा होडीने कुठल्याशा लहान बेटावर.

"आई, त्या डॉलरला कुंकू लावलं व्हतं का तू?"

"व्हय. का रे?"

"इथं घेईनात ना. बदलूनच देईनात. डाग पडलेल्या नोटा चालत नाय म्हणतेत."

"डाग नाय म्हणावं. कुंकू हाय ते."

तो हसला नाही. कार्ड मशीनमध्ये चालेना, मोबाइल दाखवून पैसे द्यायची आपल्याकडची सोय तिथे नाही, आणि हॉटेलवाल्याने दोघांचे पासपोर्ट ठेवून घेतलेले – संध्याकाळपर्यंत बिल भरा म्हणून. मागून संस्कृतीचा आवाज आला, "अहो, त्यांना कशाला सांगताय?" मग फोन बंद.

त्यांना कशाला सांगताय... सून गुणाची, वाईट मनाने नव्हती बोलली. खरंच होतं तिचं. डाळीच्या डब्यात पैसे होते, पण डब्यातले पैसे समुद्रापलीकडे कसे जाणार? नवरा, गोकुळराव, चितेगावच्या कंपनीत ड्यूटीवर. आत जाताना मोबाइल गेटवर जमा. रविवार, म्हणून बँक बंद. आणि उघडी असती तरी तिथे जाऊन काय विचारायचं, हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

डॉलरचं ते पाकीट ऋतुराजनेच त्यांच्या हाती दिलं होतं, निघेपर्यंत जपून ठेव म्हणून. मग देवापुढे ठेवायला नको? पोरं एवढ्या लांब चाललेली... ओलं कुंकू घेऊन एकेका नोटेवर, त्या लांब केसांच्या म्हाताऱ्याच्या बरोबर कपाळावर – हसूच आलं होतं तेव्हा, साहेबाला टिळा चांगला शोभत होता. ऋतुराजची पाटी, सायकल, बारावीचं हॉलतिकीट, सिडकोतल्या या घराची चौकट, परवाचा नवा कुकर – कशाला म्हणून लावायचं राहिलं नव्हतं. माझ्याकडे दुसरं होतं काय द्यायला? मला ते बेट ठाऊक नाही, तिथली बोली ठाऊक नाही. बोट बुडवून लावायचं, एवढंच मला येतं.

दुपारी त्यांनी डाळीच्या डब्यातली दहा रुपयांची एक नोट घेतली, तिला कुंकू लावून वाळवलं आणि मग ओल्या कापसाने, लिंबाने, पावडरीने पुसून पाहिलं. जमलं असतं तर फोन करून सांगता आलं असतं, असं कर बाबा म्हणून. पण रंग पसरला आणि अख्खी नोट गुलाबी झाली. ती त्यांनी पदराखाली झाकली, जणू घरात कुणी बघायला होतं.

उन्हं अजून गॅलरीत होती. तिथे आपल्याआधी अंधार पडतो, ऋतुराजच म्हणाला होता. म्हणजे पडलाही असेल. त्यांनी फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावला... नाही.

निघताना त्याच्याही कपाळाला लावलं होतं. याच गॅलरीतून त्यांनी पाहिलं – टॅक्सीत बसण्याआधी त्याने रुमाल काढला आणि कपाळ पुसलं. विमानतळावर बरं दिसत नसेल, असं म्हणून त्यांनी मनाला लावून घेतलं नव्हतं. जराशी कळ आली होती, एवढंच. आता वाटलं, पुसलं ते बरं केलं. निदान त्याला तरी कुणी परत पाठवणार नाही.

हे आपल्याच मनात आलं, याने त्या दचकल्या.

दिवेलागणीला त्या देवापुढे बसल्या. सवयीने बोट करंड्यात गेलं आणि तिथेच थांबलं. मागायचं फार नव्हतं – तेवढे डाग त्या माणसांना दिसू नयेत. पण ज्याच्यासमोर लावलं, त्यालाच आता पुसून टाक म्हणायचं? कोणत्या तोंडाने? शेजारी फोन गप्प पडलेला. त्यांनी बोट बाहेर काढलं. वर्षानुवर्षांची ती बाळकृष्णाची मूर्ती हातभर अंतरावर होती, बोटाला कुंकू होतं, आणि ते कशालाही लावायची त्यांना भीती वाटत होती.