घोडी क्रमांक ४१७

ज्ञान माणसाला मुक्त करतं, यावर सिरगाकची श्रद्धा होती. त्या श्रद्धेच्या बळावर तो नारिनच्या पशुनोंदणी कचेरीत, अंगातला कोट न काढता, सोमवारी आलेल्या आठशे फायली उघडत होता.

एका घोड्याची एक एक्सएमएल फाइल. सिरगाकने पायथन या संगणकभाषेत लिहिलेली बावीस ओळींची स्क्रिप्ट तिच्यातून मालक, रंग, खुणा, वय, प्रकृती उपसून तक्त्यात भरी. चार मिनिटांचं काम. तक्ता राजधानीला, बिश्केकला जाई आणि पुढच्या सोमवारी तिकडून नव्या फायली येत.

"फायली संपल्या की तुझं पुस्तक घेऊन जा," साहेबांनी सहा महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं. नोकरीच्या नोंदींचं ते पुस्तक साहेबांच्या तिजोरीत होतं. सीमेपलीकडे अल्माटीत त्याला नोकरी देऊ करणाऱ्या कंपनीला ते वीस तारखेपर्यंत हवं होतं, संगणकाच्या कामाच्या तीन वर्षांच्या नोंदीसह. आज बारा तारीख. इथली संगणकाची जागा अजून मंजूर व्हायची होती म्हणे. पण पगार वेळेवर येई, म्हणून तो कुठल्या जागेच्या नावावर निघतो याची सिरगाकने कधी खोलात चौकशी केली नव्हती.

तक्ता पडद्यावर आला. चारशे सतराव्या ओळीवर त्याचं बोट थांबलं. मालक तोलोगोन, म्हणजे त्याचा मामा. तांबडी घोडी, कपाळावर चांदणी, वय चार, प्रकृती उत्तम.

"बुरुल एजे," त्याने समोरच्या टेबलावरच्या, सगळ्यांच्या 'एजे' म्हणजे ताई असलेल्या बाईंना विचारलं, "मामाची चांदणीवाली घोडी आठवते?"

"न आठवायला काय झालं? तुझ्या बहिणीच्या लग्नात खाल्ली की. चरबी काय सुरेख होती."

"ती जिवंत आहे."

"मग आपण काय खाल्लं?" बुरुल एजेने लोणी लावलेला पाव चहात बुडवला.

सिरगाकने स्क्रिप्टमध्ये एक ओळ वाढवली: फाइल कशावरून बनवली, तेही काढ. आठशे ओळींत एकच उत्तर उमटलं. नारिन कचेरीचा तक्ता, तयार करणारा सिरगाक.

तो टोपी हातात घेऊन साहेबांपुढे उभा राहिला.

"साहेब, आपलाच तक्ता फोडून बिश्केकवाले फायली करतात. आणि पडताळणीला परत आपल्याकडेच पाठवतात."

"मग?" असानकुल साहेब चष्मा पुसत होते. "तिथे अकरा माणसं आहेत. त्यांनाही पोरंबाळं आहेत."

"म्हणजे फायली संपणारच नाहीत."

"तू तक्ता पाठवतोयस तोवर कशा संपतील, बाळा?"

सिरगाक जागेवर येऊन बसला. 'पाठवा'च्या बटणावर त्याने बराच वेळ बाण रोखून धरला. मग तक्ता न पाठवताच संगणक बंद केला आणि टोपी घातली.

एकोणीस तारखेला, सोमवारी, एकही फाइल आली नाही.

साहेबांनी शब्द पाळला. तिजोरी उघडली, पुस्तकावरची धूळ फुंकली आणि त्याला मिठी मारली.

"जप. तिकडचा चहा पातळ असतो."

सिरगाकने जिन्यात थांबून शेवटचं पान उघडलं. नोंद होती, सही-शिक्क्यासह, पूर्ण तीन वर्षांची: रखवालदार, रात्रपाळी.