अर्ध्या किलोमीटरच्या आत

लिफ्टसाहेब हे नाव त्यांना इमारतीतल्या लोकांनी दिलं होतं, आणि ते आवडत नाही असं ते नुसतं दाखवायचे. सदतीस वर्षं त्यांनी गावभरच्या लिफ्ट तपासल्या. पद्धत एकच: कागदावर काय लिहिलंय ते मागाहून. आधी स्वतः आत शिरायचं, दोन मजल्यांच्या मधे लिफ्ट अडकवायची, धोक्याची घंटा दाबायची आणि माणूस किती वेळात येतो ते घड्याळ लावून मोजायचं.

अशा माणसाला बायकोनं गाडीसाठी मदतीची योजना निवडायला सांगितली, आता बोला!

तिनं साठी उलटल्यावर गाडी शिकून परवाना काढला होता. दीडशे किलोमीटरवर राहणाऱ्या तिच्या थोरल्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं, आणि नंतर एका शनिवारी दुपारी तिला दवाखान्यातून घरी सोडणार होते. "मी येते न्यायला. एकटी, गाडी घेऊन," असं हिनं फोनवर सांगून टाकलं. ताईनंही मग दुसऱ्या कुणाला विचारलं नाही.

"वाटेत बंद पडली तर?" लिफ्टसाहेब म्हणाले.

"तर मदतीला बोलवीन. त्याच्या योजना असतात, एक फोन केला की माणूस येतो. तुम्हीच निवडा एखादी. चांगले तीन आठवडे आहेत."

तीन आठवड्यांत लोक लग्न जमवून मोकळे होतात. लिफ्टसाहेबांनी पाच कंपन्यांची माहितीपत्रकं जेवणाच्या टेबलावर अशी पसरली की ताटं मांडीवर घ्यायची वेळ आली. कोण गाडी किती लांब ओढून नेतं, कोण नुसतं चाक बदलून देतं, वर्षातून किती वेळा बोलावलेलं चालतं, योजना गाडीच्या नावावर की माणसाच्या, सगळ्याचा तक्ता झाला. एका कंपनीत तर रात्रीच्या मुक्कामाला हॉटेलही मिळत होतं. ती त्यांनी संशयानं बाजूला ठेवली.

मग तपासणी. रोज संध्याकाळी ते खाली जाऊन गाडीत बसायचे, लुकलुकणारे दिवे लावायचे, कारण खोट्या परिस्थितीत खरी तपासणी होत नसते, आणि एकेका कंपनीला फोन लावायचे. पहिलीनं एकोणीस मिनिटं बासरी ऐकवली. दुसरीचं यंत्र 'एक दाबा, दोन दाबा' करत त्यांना पुन्हा सुरुवातीलाच आणून सोडायचं. तिसरीनं काही न विचारता टोइंगची गाडीच फाटकात उभी केली. लिफ्टसाहेबांनी त्या ड्रायव्हरची माफी मागितली, त्याला चहा पाजला आणि कंपनीला दहापैकी दहा गुण दिले. पण त्या कंपनीनं यांचा नंबर काळ्या यादीत टाकला, त्यामुळे तोही मार्ग बंद झाला. चौथी हॉटेलवाली. पाचवीच्या मुलीनं अकराव्या सेकंदाला फोन उचलला आणि गुरुवारी योजना ठरली.

बायकोनं अटी वाचल्या. "अहो, घरापासून अर्ध्या किलोमीटरच्या आत बंद पडली तर सेवा नाही म्हणतात. थोडे पैसे जास्त भरले की तीही मिळते."

"घरी बंद पडली तर आपण घरीच असू ना! मग मदत कशाला?"

तिनं अटींचा कागद परत टेबलावर ठेवला.

खरं सांगायचं तर लिफ्टसाहेबांना गाडीची काळजी कमी आणि बायकोची जास्त होती. संसाराच्या छत्तीस वर्षांत ती एकटी अशी कुठे गेलीच नव्हती. ती मोठ्या रस्त्याला एकटी लागेल, शेजारून मालमोटारी सुसाट जातील, या विचारानं ते रात्री उठून तक्ता पुन्हा तपासायचे. तिला 'जाऊ नकोस' म्हणायची मात्र त्यांची छाती नव्हती. म्हणून तर तीन आठवडे लागले.

शुक्रवारी संध्याकाळी शेवटची तपासणी म्हणून ते दिवे लावून गाडीत बसले, सगळ्या अटी पुन्हा वाचल्या, आणि वरून जेवायची हाक आल्यावर कागद गोळा करून निघून आले. दिवे रात्रभर लुकलुकत राहिले.

शनिवारी सकाळी आठला बायकोनं बॅग ठेवली, पट्टा लावला, किल्ली फिरवली. गाडीनं हूं की चूं केलं नाही. तिनं दिव्यांचं तसंच चालू राहिलेलं बटण बंद केलं. चार शब्द सुनावले असते तर परवडलं असतं.

"बाराला ताईला सोडणार आहेत," शेवटी ती म्हणाली. "ती एकटी बाकावर बसून राहील हो."

लिफ्टसाहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी फोन काढला आणि तसाच हातात धरून ठेवला. गाडी घराच्या दारात होती.

पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर ब्रश तोंडात धरूनच खाली आले. "सांगा की, चौकापलीकडे आहे म्हणून! कोण मोजायला येतंय?"

"मी आजवर एका लिफ्टचा खोटा दाखला दिला नाही," लिफ्टसाहेब म्हणाले. "अर्धा किलोमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. ढकलूया."

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला, पण ब्रश खिशात खोचला. तळमजल्यावरचा शिंपी गळ्यातली टेप न काढताच आला. बायको स्टिअरिंगवर बसली आणि तिघांनी गाडी फाटकाबाहेर काढली. लिफ्टसाहेब एका हातानं ढकलत होते, दुसऱ्या हातातल्या फोनवर अंतर बघत होते. "दीडशे... दोनशे दहा..."

"दोन्ही हात लावा हो!" शिंपी ओरडला.

बेकरीपुढे उतार लागला. चारशे तीस मीटर झाले तेव्हा लिफ्टसाहेबांनी कंपनीला फोन लावला, म्हणजे अंतर पुरं होईतो तिकडून उत्तर येईल. तेवढ्यात गाडीला वेग आला, तिनं एक गचका खाल्ला, धुराचा भपकारा सोडला आणि इंजिन सुरू झालं. शिकवणाऱ्यानं सांगितलं होतं तसा बायकोनं दुसरा गिअर टाकून क्लच सोडला होता. ते तिनं कुणाला विचारलं नव्हतं.

"थांब! अगं, थांब!" लिफ्टसाहेब सपाता फटफटवत धावले.

"थांबले तर परत बंद पडेल!" खिडकीतून आवाज आला. "डाळ फ्रिजमध्ये आहे! पोचले की फोन करते!"

वळणावर तिनं दिवा दाखवला, दोन्हीकडे नीट पाहिलं आणि मोठ्या रस्त्याला लागली. एक मालमोटार तिच्यासाठी थांबलीसुद्धा.

"नमस्कार सर," हातातल्या फोनमधून मुलगी बोलत होती. "आपली गाडी कुठे बंद पडली आहे?"

"बंद नाही पडली. चालू झाली." लिफ्टसाहेबांना धाप लागली होती. "माझी बायको घेऊन गेली. बहिणीला आणायला. एकटी गेली!" हे ते इतक्या मोठ्यानं म्हणाले की बेकरीवाला बाहेर आला.

"छान, सर. मग ही तक्रार बंद करू का?"

गाडी दिसेनाशी झाली होती. तरी ते तिकडेच बघत राहिले.

"करा," ते म्हणाले.