डॉक्टरांनी सहज टाकलेला शब्द

झटका आल्यापासून बाबांची डावी बाजू लुळी पडली होती आणि बाबा म्हणायचे, "मला काय धाड भरलीय?" पुन्हा पडले तर काही खरं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. तरी हे आपले उठायला बघायचे. मी मुळातच तापट. रोज भांडायचे, "हट्ट पुरे झाला आता."

आज डॉक्टर फोनवर म्हणाले, "हट्ट नाही हो, अ‍ॅनोसोग्नोसिया आहे," आणि फोन ठेवला. नीट सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

मी छापखान्यात प्रुफं तपासते. तिथला वैद्यकीय शब्दकोश ओढला. स्पेलिंग सापडेपर्यंत घाम फुटला. शब्द ग्रीक, तीन तुकड्यांचा. 'अ' म्हणजे नाही, आपल्या अज्ञानातला असतो तसाच. 'नोसोस' म्हणजे आजार. 'ग्नोसिस' म्हणजे जाणणं. आपल्याला आजार झालाय हेच न कळणं. मेंदूला इजा झाली की होतं. माणूस खोटं बोलत नसतो.

बाबांना खरोखरच वाटत होतं की आपण चालू शकतो. आणि त्यांच्याजवळ आज दादा होता.

दादाला फोन लावला. "केस कापायला आलोय," तो म्हणाला. "बाबांनी कबूल केलंय उठणार नाही म्हणून. तू ना, उगाच..."

त्याचा फोन कापून बाबांना लावला.

"काय करताय बाबा?"

"पलंगाच्या कडेला बसलोय. चहा टाकतो जरा."

तुमचा पाय गेलाय, हे अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. ज्याला आजारच ठाऊक नाही, त्याला तो सांगून काय उपयोग?

"उठू नका, फरशी ओली आहे. घसराल."

फोन कानाशी धरून मी पर्स उचलली.

"कुणी पुसली?"

"दादानं."

"त्यानं?" बाबा हसले. "मग झालंच कल्याण. बरं, बसतो."

फोन कानाला तसाच धरून, काहीबाही बडबडत घर गाठलं. बाबा कडेलाच बसले होते. डावा हात लोंबत होता, त्यांना पत्ताच नव्हता. मी तो उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला.

"मी ठणठणीत आहे, हे तुला कधी पटणार गं?"

एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं.

"पटलं, बाबा," म्हटलं, आणि मला रडू आवरेना.